बागायती कपाशीतील तण व्यवस्थापन : पाणी, वेळ आणि मजुरी यांच्या संदर्भात

प्रस्तावना

महाराष्ट्रातील कपाशीचा विचार प्रामुख्याने कोरडवाहू पीक म्हणून केला जातो व ते स्वाभाविकही आहे. राज्यातील कपाशीच्या एकूण क्षेत्रापैकी फारच थोडे क्षेत्र सिंचनाखाली येते. असे असले तरी खानदेशातील जळगाव व धुळे जिल्ह्यांत तसेच मराठवाड्याच्या काही भागांत विहिरीच्या पाण्यावर व अलीकडील काळात ठिबक संचावर घेतली जाणारी बागायती कपाशी ही त्या भागाच्या अर्थव्यवस्थेचा महत्त्वाचा आधार आहे. मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीच्या लागवडीस देशात मान्यता मिळाली आणि बोंडअळीचा प्रश्न निदान काही वर्षे सौम्य झाला. त्यानंतर बागायतदाराच्या खर्चाच्या वहीत जी बाब ठळकपणे पुढे आली ती म्हणजे निंदणी-खुरपणी. कपाशीतील तणांविषयी जे मार्गदर्शनपर लेखन उपलब्ध आहे, त्यातील बरेचसे 'कोणते तणनाशक, किती मात्रा' या प्रश्नापाशी सुरू होऊन तेथेच संपते. वस्तुतः बागायती शेतात तणाचा प्रश्न त्याच्या कितीतरी आधी, म्हणजे पाणी केव्हा व कोठे दिले या ठिकाणी सुरू होतो. पाणी, वेळ आणि मजुरी या तीन घटकांच्या परस्परसंबंधातून हा प्रश्न उलगडून दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

तण-पीक स्पर्धेचा काळ

कपाशी हे सुरुवातीस अत्यंत सावकाश वाढणारे पीक आहे. उगवणीनंतरचे पहिले काही आठवडे रोप जमिनीखाली सोटमूळ खोलवर नेण्यात गुंतलेले असते आणि जमिनीवर त्याचा पसारा फारसा दिसत नाही. त्यातच बीटी संकरित वाणांची लागवड रुंद अंतरावर, म्हणजे दोन ओळींत चार ते पाच फूट अंतर ठेवून केली जाते. परिणामी दीड-दोन महिने ओळींमधील मोकळी जमीन सूर्यप्रकाश व ओलावा यांसह तणांना अक्षरशः मोकळी सोडलेली असते. म्हणूनच पेरणीनंतर साधारणपणे १५ ते ६० दिवस हा काळ कपाशीतील तण-पीक स्पर्धेचा संवेदनशील काळ मानला जातो. या काळात शेत तणमुक्त राहिले तर पुढे उगवणारे तण कपाशीच्या सावलीत दबून जाते व उत्पादनावर त्याचा विशेष परिणाम होत नाही. याउलट या काळात तण वाढू दिले आणि नंतर कितीही स्वच्छ निंदणी केली तरी गेलेली पाती व फांद्या परत मिळत नाहीत. पूर्ण हंगाम तण राखले गेल्यास उत्पादन निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येऊ शकते. सारांश, निंदणी किती वेळा केली यापेक्षा ती कोणत्या दिवशी केली हे अधिक निर्णायक ठरते.

पाणी आणि तणांची उगवण

कोरडवाहू शेतात तणांची पहिली मोठी उगवण पावसाबरोबर होते व ती सर्वत्र एकाच वेळी होते. बागायती शेतात मात्र तणांच्या उगवणीचे वेळापत्रक शेतकऱ्याच्या पाण्याशी बांधलेले असते. सरीने किंवा मोकाट पाणी दिले की प्रत्येक पाळीमागे तणांचे एक नवे पीक उगवते. काळ्या भारी जमिनीत पाणी दिल्यानंतर वाफसा येण्यास काही दिवस लागतात आणि तोपर्यंत कोळपे अथवा मजूर शेतात घालता येत नाही. तणाला मात्र वाफशाची प्रतीक्षा नसते.

ठिबक संचाने या चित्रात मूलभूत बदल घडवून आणला आहे. पूर्वहंगामी लागवडीत मेअखेर किंवा जूनच्या आरंभी ओळीलगतचा पट्टाच तेवढा ओला होतो व मधली जमीन तापलेली, कोरडी राहते. तण उगवते ते नेमके या ओल्या पट्ट्यात, रोपाच्या बुंध्याशी, जेथे कोळप्याची पास पोहोचू शकत नाही. येथे खुरप्यावाचून इलाज नसतो. त्यानंतर मृगाचा वा आर्द्राचा पाऊस झाला की दोन ओळींमधील संपूर्ण पट्टा एकाच वेळी हिरवा होतो. म्हणजे ठिबकवरील कपाशीत तणांच्या दोन स्वतंत्र लाटा येतात : पहिली अरुंद, परंतु हाताने काढावी लागणारी, दुसरी रुंद, परंतु अवजाराने आवरता येण्याजोगी. या दोन लाटांसाठी एकच उपाय सुचविणारी शिफारस अपुरी पडणे क्रमप्राप्त आहे. (मे महिन्यातील लागवड गुलाबी बोंडअळीला आमंत्रण देते, म्हणून ती टाळावी असा शास्त्रज्ञांचा आग्रह आहे. तो रास्त असला तरी जूनच्या पहिल्या आठवड्यातील लागवडीसही वरील वर्णन बहुतांशी लागू पडते.)

ठिबक नळ्यांचा आणखी एक परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. विदर्भ-मराठवाड्यात कपाशी चौफुलीवर लावण्याची जुनी पद्धत आहे. ओळीतील व दोन ओळींमधील अंतर सारखे असल्याने उभी व आडवी अशी दोन्ही बाजूंनी डवरणी करता येते आणि झाडाभोवतीचे थोडेसे तण सोडल्यास बाकी सर्व बैलांच्या साहाय्याने निघते. नळ्या अंथरल्या की आडवी पाळी बंद होते. उभ्या पाळीतही नळी कापली जाण्याची भीती असल्याने कोळपे ओळीपासून दूर धरावे लागते. पाण्याची बचत झाली हे खरे. पण तिच्या मोबदल्यात बैलाचे काही काम बाईच्या खुरप्याकडे आले, याची नोंद कोणत्याही खर्चपत्रकात आढळत नाही.

तथापि पाणी हाताशी असणे हे तणांविरुद्धचे एक साधनही आहे. लागवडीपूर्वी जमीन ओलवून, आठ-दहा दिवस थांबून, उगवलेल्या तणांवर वखराची उथळ पाळी द्यावी व मगच सरकी टोबावी, ही पद्धत शास्त्रीय दृष्ट्या निर्दोष आहे. पाळी उथळ असणे येथे महत्त्वाचे, कारण खोल नांगरट खालचे बी पुन्हा वर आणते. कोरडवाहू शेतकऱ्याला पावसाची वाट पाहावी लागत असल्याने ही चैन परवडत नाही. बागायतदाराला ती शक्य असूनही उन्हाळ्याच्या शेवटी विहिरींनी तळ गाठलेला असतो, तेव्हा तण उगवण्यासाठी पाणी द्यायचे ही कल्पनाच अनेकांना उधळपट्टीची वाटते. ठिबक संच असल्यास केवळ ओळीचा पट्टा ओलवून हे काम थोड्या पाण्यात साधता येते. पहिल्या लाटेतील हातनिंदणी त्यामुळे बरीच हलकी होते.

तणांचा स्वभाव : केना आणि लव्हाळा

बागायती कपाशीत आढळणाऱ्या तणांची यादी लांबलचक आहे. घोळ, तांदुळजा, काटेमाठ, कुंजरू, कुर्डू, एकदांडी, दुधी, गाजर गवत ही रुंद पानांची तणे, हराळी, कुंदा, शिप्पी ही गवतवर्गीय तणे, आणि लव्हाळा. या सर्वांचे वर्णन येथे करण्याचे प्रयोजन नाही. ओलिताच्या शेताला विशेषत्वाने चिकटणाऱ्या दोन तणांचा मात्र विचार करणे आवश्यक आहे.

केना हे तण ओलाव्याचे सोबती आहे. त्याच्या खोडाच्या प्रत्येक पेरापाशी मूळ फुटण्याची क्षमता असते. ओल्या जमिनीत निंदणी करून केना जागच्या जागी टाकला तर तो मरत नाही. त्याची पुनर्लागवडच होते. शिवाय या वनस्पतीला जमिनीखालीही फुले येतात व तेथेच बी तयार होते, त्यामुळे वरचा भाग नष्ट करूनही बियांचा साठा कायम राहतो. अनुभवी निंदणारी बाई केना उपटून बांधावर टाकते किंवा भाऱ्यात बांधून जनावरांसाठी घरी नेते. यामागे केवळ वैरणीची गरज नसून तणाच्या स्वभावाची अचूक जाण आहे. घोळही अशाच प्रकारे तुकड्यांतून जगते. म्हणून पाण्याच्या पाळीनंतर लगेच नव्हे, तर पुढच्या पाळीस अवकाश असताना, वाफशावर आणि शक्यतो कडक उन्हाच्या दिवशी निंदणी करणे व निघालेले तण शेताबाहेर नेणे हे पथ्य ओलिताच्या शेतात पाळावेच लागते.

लव्हाळ्याची गोष्ट निराळी आहे. त्याचा वरचा शेंडा खुरपला की खालच्या गाठींतून नवे कोंब येतात. वारंवार खुरपणीने गाठीतील अन्नसाठा क्षीण होतो हे खरे, पण त्यासाठी चिकाटी लागते. या तणाच्या दोन उणिवा आहेत : गाठी उन्हात सुकल्या की मरतात आणि लव्हाळ्याला सावली सोसत नाही. उन्हाळ्यातील खोल नांगरट करून ढेकळे तापू देणे आणि हंगामात कपाशीची सावली लवकर जमिनीवर पडेल अशी व्यवस्था करणे, हे त्याच्यावरचे खरे उपाय होत. लव्हाळ्याने व्यापलेल्या शेतात नांगरट करावी, तर अन्यत्र ती टाळून उथळ पाळीवर भागवावे. एकाच गावातील दोन शेतांना येथे भिन्न सल्ला द्यावा लागतो.

सावली लवकर पडावी यासाठी ओळींमध्ये मूग किंवा उडीद घेण्याची पद्धत उपयुक्त आहे. ही पिके लवकर पसरतात, सुमारे ६५ ते ७५ दिवसांत निघून जातात व तोवर कपाशीचा पसारा वाढलेला असतो. मात्र आंतरपीक घेतले की तणनाशकाची निवड आक्रसते, कारण कपाशीला सोसणारे रुंद पानांच्या तणांसाठीचे औषध मुगाला सोसेलच असे नाही.

तणनाशके : मात्रा, स्थान आणि चुका

कपाशीत उगवणीपूर्वी वापरावयाचे सर्वाधिक परिचित तणनाशक म्हणजे पेंडीमेथॅलिन. हेक्टरी ०.७५ ते १ किलो क्रियाशील घटक अशी त्याची शिफारस असते. ३० टक्के तीव्रतेच्या द्रावणाचा विचार करता हे प्रमाण हेक्टरी २.५ ते ३.३ लिटर भरते. 'क्रियाशील घटक' आणि 'बाजारातील द्रावण' यांत गल्लत झाल्याने मात्रा तिपटीने चुकू शकते, म्हणून हा हिशेब प्रथम स्पष्ट असावा. हे औषध ओलसर जमिनीच्या पृष्ठभागावर पातळ थर तयार करून तेथे अंकुरणारे तण मारते. कोरड्या, तापलेल्या जमिनीवर फवारल्यास ते उष्णतेने व सूर्यप्रकाशाने वाया जाते. ठिबकवरील पूर्वहंगामी कपाशीत सर्व शेतभर ते फवारणे म्हणूनच निरर्थक ठरते. संच चालवून पट्टा ओला झाल्यावर केवळ त्या पट्ट्यावर फवारणी करणे युक्त होय. दोन ओळींत १५० सें.मी. अंतर असेल व फवारणीचा पट्टा ५० सें.मी. रुंद असेल तर एकतृतीयांश क्षेत्रच फवारले जाते; ३.३ लिटरऐवजी १.१ लिटर औषध पुरते. फवारणी करताना मागे मागे सरकत जावे, जेणेकरून तयार झालेला थर पायाखाली मोडणार नाही.

उभ्या पिकात, तणे दोन ते चार पानांची असताना, गवतवर्गीय तणांसाठी क्विझालोफॉप इथाइल ५ टक्के हे हेक्टरी १ लिटर आणि रुंद पानांच्या तणांसाठी पायरीथायोबॅक सोडियम १० टक्के हे हेक्टरी ६२५ ते ७५० मि.लि. वापरले जाते. दोन्हींचे तयार मिश्रणही बाजारात उपलब्ध आहे. तण मोठे झाल्यावर केलेली फवारणी अपयशी ठरते व दोष औषधाला दिला जातो. लव्हाळ्याचे समाधानकारक नियंत्रण यांपैकी कशानेही होत नाही.

कपाशीतील तणनाशकांची सर्वात दुःखद हानी मात्र कपाशीत न फवारलेल्या औषधाने होते. ऊस, ज्वारी, गहू या पिकांत रुंद पानांच्या तणांसाठी टू-फोर-डी वापरले जाते. कपाशी या औषधाला विलक्षण संवेदनशील आहे. शेजारच्या उसावरून वाऱ्याने आलेले तुषार किंवा नीट न धुतलेल्या पंपातील शिल्लक अंश एवढ्यानेही कपाशीची पाने चिंचोळी, बोटांसारखी फाटलेली, भेंडीच्या पानांसारखी दिसू लागतात आणि पात्या गळतात. अनेकदा शेतकरी याला रोग समजून आणखी एखादे औषध फवारतो. ऊस आणि कपाशी शेजारी शेजारी असणाऱ्या बागायती गावांत तणनाशकाचा पंप वेगळा ठेवणे ही सर्वात स्वस्त दक्षता आहे.

तणनाशक सहनशील बियाणे : सुटका की पुनरावृत्ती ?

झडीच्या पावसात पंधरा दिवस शेतात पाऊल टाकता येत नाही, उघडीप मिळते तेव्हा कपाशी, सोयाबीन, ज्वारी या सर्वांची निंदणी एकाच आठवड्यात येते, आणि मजूर मिळत नाहीत. या कोंडीतून तणनाशक सहनशील कपाशीचे आकर्षण निर्माण झाले. ग्लायफोसेट हे तणनाशक वनस्पतींमधील एक आवश्यक विकर बंद पाडते. जनुकीय बदलाने या विकराचा न बंद पडणारा प्रकार कपाशीत आणला की पिकावरून सरसकट फवारणी करता येते. भारतात अशा कपाशीच्या मान्यतेसाठीचा अर्ज संबंधित कंपनीने २०१६ मध्ये मागे घेतला. तरीही विनापरवाना बियाणे पसरत गेले व विदर्भात 'चोर बीटी' या नावाने ओळखले जाऊ लागले. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेने अशा बियाण्याची जाहीर पेरणी करून तंत्रज्ञानाच्या स्वातंत्र्याची मागणी केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने अधिसूचनेद्वारे ग्लायफोसेटचा वापर केवळ कीड नियंत्रण व्यावसायिकांमार्फतच करण्याचे बंधन घातले.

या मागणीमागील अगतिकता खरी आहे. तिला केवळ बेकायदेशीर म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे ठरेल. परंतु विनापरवाना बियाण्याला पावती नसते, उगवणीची हमी नसते आणि फसवणूक झाल्यास दाद मागण्याचा मार्ग नसतो. याहून महत्त्वाचा मुद्दा जीवशास्त्रीय आहे. अमेरिकेत अशी कपाशी १९९७ मध्ये शेतात आली. काही वर्षांतच जॉर्जिया राज्यातील कपाशीत दोन तणे डोईजड झाली. त्यांतील एक माठाच्या कुळातील असून २००४-०५ च्या सुमारास त्यात ग्लायफोसेटला प्रतिकार करणारे प्रकार आढळले. दुसरे तण म्हणजे आपला केनाच. आशिया-आफ्रिकेतील ही वनस्पती मुळातच ग्लायफोसेटला पुरेशी दाद देत नाही. इतर तणे मेल्याने मोकळी झालेली जमीन तिने व्यापली. जगातील अत्यंत यांत्रिक शेतीत त्यानंतर मोठ्या क्षेत्रावर पुन्हा माणसे लावून तण काढावे लागले. भारतातही हरियाणातील गव्हात आयसोप्रोट्युरॉन या एकाच तणनाशकाच्या वर्षानुवर्षे वापरानंतर १९९० च्या दशकाच्या आरंभी प्रतिकारक्षम तणाचा अनुभव आलेला आहे. महाराष्ट्राच्या ओलिताच्या कपाशीत केना व माठ हे दोन्ही आधीपासूनच हजर आहेत, हे लक्षात घेता हा इशारा दूरचा राहत नाही.

मजुरी : खर्च आणि मिळकत

कृषी अर्थशास्त्राच्या कोष्टकात निंदणी हा 'खर्च' असतो. हीच रक्कम दुसऱ्या बाजूने पाहिली तर ती भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबातील स्त्रियांची पावसाळ्यातील रोख मिळकत असते. निंदणीचे काम जवळजवळ संपूर्णपणे स्त्रिया करतात. फवारणीचे काम पुरुष करतात आणि त्याची मजुरी सहसा अधिक असते. खुरपे जाऊन पंप आला की केवळ श्रम वाचत नाहीत, तर मजुरी एका हातातून दुसऱ्या हातात जाते. तणांबरोबर घोळ, तांदुळजा, कुर्डू या रानभाज्या आणि शेळीचा चाराही घरी येत असे, तोही थांबतो. अर्थात या कामाचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. दिवसभर चिखलात वाकून किंवा उकिडवे बसून केलेले हे काम कंबर व गुडघे झिजविते, आणि ते टाळण्याची संधी मिळाली तर ते करणाऱ्या स्त्रीलाही नकोच असते. प्रश्न एवढाच, की त्या संधीचा लाभ कोणाला मिळतो.

बैठ्या खुरप्याऐवजी उभ्याने चालविता येणारे सायकल कोळपे, ओळींमधून चालणारे लहान पॉवर वीडर ही साधने या दृष्टीने विचार करण्यासारखी आहेत. ती बहुधा पुरुषांच्या नावे घेतली जातात व तेच चालवितात. स्त्रियांच्या बचत गटांकडे अशी अवजारे भाड्याने देण्यासाठी असतील तर उक्त्या निंदणीचे काम त्याच गटाला कमी वेळात पूर्ण करता येईल, आणि झडीनंतरच्या त्या एका निर्णायक आठवड्यात अधिक शेते तणमुक्त होतील. ओल्या पट्ट्यातील पहिल्या लाटेला पट्टा फवारणी व एक खुरपणी, आणि पावसानंतरच्या दुसऱ्या लाटेला अवजाराची पाळी, अशी विभागणी केल्यास मजुरांची मागणीही एकाच आठवड्यात साचत नाही.

साठ दिवसांनंतर

पीक दाटल्यानंतर उरलेल्या तणांकडे दुर्लक्ष करण्याची प्रवृत्ती असते. चालू हंगामाच्या उत्पादनापुरते ते क्षम्य आहे. मात्र गाजर गवत फुलावर येण्यापूर्वी उपटले नाही तर पाटाच्या पाण्याबरोबर त्याचे बी शिवारभर जाते. शिवाय गाजर गवत व पेटारी यांवर कपाशीवरील पिठ्या ढेकूण आश्रय घेतो. अर्धवट कुजलेले शेणखत हा तणबियांचा दुसरा मार्ग आहे. वेचणीच्या वेळी बुंध्याशी सुकलेले तण असल्यास खाली लोंबणाऱ्या कापसाला त्याचा काडीकचरा चिकटतो, बाजारात प्रत घसरते, आणि तो कचरा वेचून काढण्याचे जादा काम पुन्हा वेचणाऱ्या बाईकडेच येते. वेचणीची मजुरी किलोवर दिली जात असल्याने या जादा वेळाचे तिला वेगळे काही मिळत नाही.